‘डार्क’ अल्बम हवाय? मग आधी तारीख पुढे ढकला

प्रति,
मराठी पॉप अल्बमची निर्मिती ठरवणारे संगीत कंपन्यांचे अधिकारी आणि निर्माते यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या पॉप अल्बमचं बोलणं सुरू झालं की हल्ली तुमच्या पहिल्याच मेलमध्ये तीन गोष्टी एका दमात येतात. अल्बम ‘डार्क’ हवा, ‘पर्सनल’ हवा, आणि अमेरिकी गायिका बिली आयलिशने तिचा अल्बम बेडरूममध्ये केला होता, तेव्हा स्टुडिओचं भाडं धरू नका. मेलच्या शेवटी तारीख असते, बहुतेक वेळा तीन आठवड्यांनंतरची. आम्ही मुंबई-पुण्यात गाणी रेकॉर्ड, मिक्स (सगळे आवाज एकमेकांत जुळवणं) आणि मास्टर (शेवटचा हात फिरवणं) करणारी माणसं आहोत. पहिल्या दोन मागण्यांबद्दल आमची तक्रार नाही. सणासुदीची आणि लग्नातली गाणी सोडून मराठी पॉपमध्ये कुणी स्वतःबद्दल गायला बसतंय, याचा आनंदच आहे. भांडण आहे ते बेडरूमवरून आणि तारखेवरून.

त्या बेडरूमची हकीकत नेहमी अर्धीच सांगितली जाते. ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ हा बिलीचा अल्बम २९ मार्च २०१९ रोजी आला. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागात, आईवडिलांच्या घरात, भाऊ फिनियस ओकॉनेल याच्या खोलीत तो बनला. लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, मायक्रोफोन कॉम्प्युटरला जोडणारा एक अपोलो इंटरफेस, यामाहाचे पाच इंची स्पीकर आणि जोडीला सबवूफर, एवढ्यावर काम झालं. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण त्या खोलीतून निघालेलं काम मिक्सिंगसाठी रॉब किनेल्स्कीकडे गेलं आणि मास्टरिंगसाठी जॉन ग्रीनहॅमकडे. जानेवारी २०२० मध्ये या अल्बमला ग्रॅमीचे मोठे पुरस्कार मिळाले, त्यातच उत्कृष्ट ध्वनिअभियांत्रिकीचाही होता, आणि त्यावर फिनियसबरोबर या दोघांचीही नावं आहेत. म्हणजे भाडं वाचलं, माणसांवरचा खर्च वाचवला नाही. शिवाय घड्याळ लावून ताशी बिल करणारं कुणी नव्हतं. बहीण-भाऊ एका घरात राहत होते, रात्री सुचलं तर रात्री गाता येत होतं, नाही जमलं तर टेक फेकून देता येत होता. त्या खोलीतली खरी चैन ही होती, आणि तुमच्या अंदाजपत्रकात नेमकी तीच पहिल्यांदा कापली जाते.

आता ‘डार्क’ म्हणजे काय, ते. तुमच्याकडून येणारी सूचना बहुतेक वेळा अशी असते : पट्टी मायनर ठेवा, टेम्पो कमी करा, जरा एको वाढवा. एको वाढवला की गायिका लांब जाते. देवळाच्या गाभाऱ्यात उभी राहून कुणी आपलं गुपित सांगत नाही. खासगी गाण्यात आवाज कानाशी हवा, आणि कानाशी आणायचा तर रिव्हर्ब (खोलीत घुमल्याचा परिणाम) कमी, मायक्रोफोन जवळ आणि आजूबाजूला वाद्यांची गर्दी नको. या तिन्ही गोष्टी सांगायला सोप्या आहेत, करायला नाहीत.

मायक्रोफोनपासून सुरुवात करू. हळू गाणारी गायिका कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) कंडेन्सर (जास्त संवेदनशील) मायक्रोफोनपासून ८ ते १० सेंटिमीटरवर लागते. एक मीटरवरून १० सेंटिमीटरवर आलं की तिचा आवाज साधारण २० डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. सगळा फायदा तिथे आहे. तोटा असा की इतक्या जवळ ओठ ४ सेंटिमीटर मागेपुढे झाले तरी फरक पडतो : ८ वरून १२ वर गेलं की पातळी साडेतीन डेसिबलने उतरते, शिवाय खालचा भरदारपणा पातळ होतो, कारण या जातीच्या मायक्रोफोनमध्ये जवळ येताना खर्जाकडचा भाग आपोआप फुगतो. मग पहिली ओळ एका बाईची आणि दुसरी दुसरीची वाटते. नंतर ईक्यू (खर्ज-टीप कमीजास्त करणारं साधन) लावून हे पूर्ण सांधता येत नाही. म्हणून पॉप फिल्टर मायक्रोफोनपासून मोजून ७ सेंटिमीटरवर घट्ट करायचा आणि ओठ फिल्टरपासून दोन बोटांवर ठेवायचे. मायक्रोफोन तोंडासमोर सरळ न ठेवता १५-२० अंश बाजूला वळवायचा, म्हणजे भ, फ, ख, थ यांचा हवेचा झोत पडद्यावर थेट आदळत नाही. आणि हे सगळं कागदावर लिहून ठेवायचं : कोणता मायक्रोफोन, किती अंतर, किती गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवला), खिडकीपासून किती लांब. तीन आठवड्यांनी एक शब्द बदलायचा ठरला तर हा कागद नसेल तर आख्खं कडवं पुन्हा गाऊन घ्यावं लागतं.

मायक्रोफोन कोणता, यावर तुमचा आग्रह असतो की पॉडकास्टवाल्यांचा तो काळा शुअर एसएम७बी चालेल, कारण तो खोलीचा आवाज घेत नाही. मोठ्याने गाणाऱ्याला तो उत्तम आहे. कुजबुजणाऱ्या आवाजाला त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन द्यावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसचा प्रीअँप (आवाज वाढवणारा भाग) तिथे फुसफुसायला लागतो. कंडेन्सर घेतानाही त्याच्या स्वतःच्या आवाजाचा आकडा बघावा. न्यूमनच्या टीएलएम १०३ चा तो ७ डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा २०. ढोलकीला हा फरक ऐकू येणार नाही. श्वासाच्या काठावर गायलेल्या ओळीत येतो.

तो का येतो, ते लक्षात घ्या, कारण तुमच्या बजेटमधला वाद इथेच सुटतो. हळू गायलेला आवाज समोर आणायला कॉम्प्रेसर मोठे शब्द दाबतो आणि मग सगळं वर उचलतो. दहा डेसिबल दाबून दहा डेसिबल उचललं, तर दोन शब्दांमधल्या जागेत जो पंखा, एसी किंवा शेजारच्या फ्लॅटचा टीव्ही होता, तोही दहा डेसिबलने वर येतो. भरगच्च गाण्यात तो वाद्यांखाली लपतो. रिकाम्या गाण्यात लपायला जागाच नसते. नॉइज काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण श्वास आणि पंखा यांचा पोत जवळपास सारखा असतो, त्यामुळे पंख्याबरोबर श्वासही जातो आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

तेव्हा घरीच करायचं असेल तर जरूर करू, पण वेळ आम्ही सांगू ती. मुंबईत रात्री साडेबारा ते पहाटे चार. पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. गायिकेच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट किंवा दोन जाड गोधड्या, कारण कार्डिऑइड मायक्रोफोन समोरून ऐकतो आणि त्याच्या समोर, म्हणजे तिच्या पाठीशी, जी भिंत असते तिचाच आवाज परत त्यात शिरतो. एक इंची फोमच्या पट्ट्या भिंतीला चिकटवून ‘स्टुडिओ झाला’ म्हणू नका. तो फोम फक्त वरचा तजेला शोषतो, खालची घरघर तशीच ठेवतो आणि आवाज डब्यातला वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या शेडशेजारच्या खोलीत, किंवा गणपतीच्या दहा दिवसांत मंडपाजवळच्या इमारतीत, आवाजाचं रेकॉर्डिंग ठरवू नका. हे लिहावं लागतंय याचं आम्हालाही नवल वाटतं, पण वेळापत्रकं तशी येतात.

हेडफोन बंद कपांचे हवेत. हळू गाताना मायक्रोफोन इतका संवेदनशील ठेवलेला असतो की हेडफोनमधून झिरपणारा क्लिकही (ताल धरायला दिलेली टिकटिक) त्यात जातो, आणि शेवटच्या लांब स्वराखाली टिकटिक ऐकू येत राहते. क्लिकसाठी रिमशॉट नको, मऊ शेकर वापरा आणि शेवटच्या ओळीनंतर क्लिक बंद करा. आणखी एक गोष्ट : गायिकेला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये तीन-चार डेसिबल जास्त दिला की ती आपोआप हळू गाते. कमी दिला की जोर लावते. ‘जरा आतून गा ना’ असं काचेपलीकडून दहा वेळा सांगण्यापेक्षा हा एक फेडर हलवणं जास्त उपयोगी पडतं. सॉफ्टवेअरमधून ऐकवत असाल तर बफर (सॉफ्टवेअरमुळे आवाजाला होणारा उशीर ठरवणारं सेटिंग) १२८ सॅम्पल किंवा त्याखाली ठेवा. तिचा आवाज तिला दहा मिलिसेकंदांहून उशिरा ऐकू आला तर कुजबुजीची लय पहिल्यांदा ढळते.

इथे मराठीचा एक खास प्रश्न आहे, जो इंग्रजी अल्बमची नक्कल करताना कुणी विचारात घेत नाही. खरी कुजबुज म्हणजे स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा जाते. मग ग आणि क, द आणि त, ब आणि प यांतला फरक पुसट होतो. ‘दार’ आणि ‘तार’, ‘गळा’ आणि ‘कळा’ कानाला जवळजवळ एकच लागतात. जोडीला आपल्याकडे ‘चांदणं’मधला च, ‘जवळ’मधला ज आणि ‘झोप’मधला झ दातांवर घासून येतात, आणि मायक्रोफोन ८ सेंटिमीटरवर असताना ती घासणी सुरीसारखी लागते. डी-एसर (अशी घासणारी अक्षरं दाबणारं साधन) साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये लावतात. स आणि श साठी लावलेला डी-एसर या च-ज वरही झडप घालतो, आणि जोरात लावला तर गायिका बोबडी ऐकू येते. म्हणून या अक्षरांची पातळी हाताने, एकेक करून, तीन-चार डेसिबल खाली घ्यावी लागते. एका गाण्याला यात अर्धा दिवस जातो. आणि गाताना पूर्ण कुजबुज नको, थोडा स्वर मिसळलेला हवाळ आवाज हवा, हे पहिल्या दिवशीच गायिकेशी ठरवून घ्यायचं. गीतकार जवळ असेल तर आणखी बरं. ओळीच्या शेवटी ‘त्च’, ‘स्त’ असले जोड आले तर तिथेच शब्द बदलता येतो.

आता ट्यूनिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करण्याबद्दल. ‘गाऊन घ्या, नंतर ट्यून करू’ हे वाक्य नाचाच्या गाण्यात चालून जातं. हवाळ आवाजात सॉफ्टवेअरला सूर सापडत नाही, कारण स्वर कमी आणि हवा जास्त. ते अंदाजाने सूर धरतं आणि अक्षराच्या कडा थरथरायला लागतात. अशा गाण्यात सूर टेकमध्येच मिळवावा लागतो, म्हणजे जास्त टेक आणि त्यातून ओळी, कधी कधी शब्द, निवडून जोडायचे. ही जोडाजोड करताना आम्ही श्वास कापत नाही, चार-सहा डेसिबल उतरवतो. पूर्ण काढलेला श्वास ऐकणाऱ्याला कळत नाही, पण दोन कडव्यांनंतर त्याला गुदमरल्यासारखं होतं.

दुहेरी-तिहेरी आवाजांच्या थरांबाबत एवढंच की एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवला तर तो थर होत नाही, मधला आवाज फक्त मोठा होतो. त्यातला एक वीस मिलिसेकंद सरकवला तर हेडफोनवर रुंद वाटेल आणि एका स्पीकरच्या फोनवर पोकळ. प्रत्येक थर वेगळा गाऊनच घ्यावा लागतो. मग मुख्य आवाज सोडून बाकी सगळ्यांची स, श, त, च ही अक्षरं कापायची किंवा विझवायची, नाहीतर ‘सांज’ म्हणताना चार साप एकदम फुत्कारतात. चार थरांचं एक ध्रुवपद म्हणजे गाण्याला दोन तास आणि कापाकापीला चार. हे आकडे तुमच्या तीन आठवड्यांत कुठे बसतात, ते बघा.

वाद्यांकडे येऊ. बिलीच्या त्या अल्बममधलं ‘बॅड गाय’ काढून ऐका. बराच वेळ त्यात बेस, किक, चुटक्या आणि आवाज याखेरीज फारसं काही नाही, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. तुमच्याकडे डेमो ऐकून पहिली प्रतिक्रिया येते, ‘रिकामं वाटतंय, काहीतरी भरा.’ मग स्ट्रिंग्ज येतात, पॅड (सिंथचे लांब धरलेले सूर) येतात, बासरी येते, आणि ज्या जागेत आवाजाचे बारकावे ऐकू येणार होते ती जागा भरून जाते. जवळून रेकॉर्ड केलेला आवाज १०० ते ३०० हर्ट्झमध्ये आधीच भारी असतो. पॅडचं पोट नेमकं तिथेच असतं. दोन्ही ठेवायचे तर आवाज पातळ करावा लागतो, आणि पातळ केला की जवळीक गेली. निवड करा, आम्ही दोन्ही देऊ शकत नाही.

बेसची आणखी एक भानगड आहे. असल्या गाण्यांत तो खूप खाली, ४० ते ६० हर्ट्झमध्ये, जवळपास शुद्ध साइन (उपस्वरांशिवायचा एकच स्वर) असतो. मंद्र जी म्हणजे ४९ हर्ट्झ. फोनचा स्पीकर २०० च्या खाली जवळजवळ मुका असतो, म्हणून तुमच्या ऑफिसात फोनवर ऐकून निरोप येतो की बेस नाहीच. बेसची पातळी वाढवून ते सुटत नाही. त्यात थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली हलकी विकृती) घालून २४५, २९४, ३४३ असे २०० च्या वरचे उपस्वर तयार करावे लागतात. मग फोनवर वरचे उपस्वर ऐकून कान खालचा स्वर कल्पनेने भरून घेतो.

आणि हा बेस आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मिक्स करू नका, हे कळकळीचं सांगणं आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास लाट अडकते. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून एकच आकडा येतो आणि साडेनऊ फुटी छत तिसरी भर घालतं. मंद्र ए म्हणजे ५५ हर्ट्झ. गाणं त्या पट्टीत असेल तर खोली तो स्वर फुगवून ऐकवते, मिक्स करणारा तो कापतो, आणि गाडीत गाणं लावल्यावर नेमका तोच स्वर गायब. कोपऱ्यांत चार इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), मागे तेवढीच मोकळी जागा सोडून, बसवलं तर बरंच सुधारतं. नाहीतर आवाज घरी घ्या आणि मिक्सिंगला नीट बांधलेल्या खोलीत या. बिलीच्या अल्बमचंही मिक्सिंग त्या बेडरूममध्ये झालेलं नाही, हे वर आलंच आहे.

टेम्पोवरून एक शंका. दुःखाचं गाणं हळूच हवं, हा तुमच्या बैठकांमधला पक्का समज दिसतो. जॅनेट जॅक्सनचा १९९७ चा ‘द व्हेल्वेट रोप’ हा या जातीच्या अल्बमांमधला थोरला. नैराश्य, घरातली मारहाण, एकटेपण, सगळं त्यात आहे. जिमी जॅम आणि टेरी लुईस या निर्मात्यांच्या तिच्या नेहमीच्याच जोडीबरोबर तिने तो केला. त्यातलं ‘टुगेदर अगेन’ हे एड्सने गेलेल्या मित्रासाठीचं गाणं आहे आणि ते चक्क नाचायचं गाणं आहे. अल्बमची सगळी गाणी मिनिटाला ७० ठोक्यांच्या टेम्पोत ठेवलीत तर चौथ्या गाण्याला ऐकणारा उठून जाईल, त्यात अल्बमचा खासगीपणा काही वाढणार नाही.

सापडलेले आवाज हा भाग मात्र तुम्ही हौसेने मागता, पण सॅम्पल पॅकमधून. बिलीने सिडनीत रस्ता ओलांडताना सिग्नलचा टकटक आवाज फोनवर टिपला आणि तो ‘बॅड गाय’च्या तालात गेला. ‘बरी अ फ्रेंड’मध्ये दातांच्या डॉक्टरकडचं यंत्र आहे, तेही फोनवरच टिपलेलं. पॅकमधला पाऊस दुसऱ्या पन्नास गाण्यांत असतोच. गायिकेला तिच्या घरातले आवाज फोनवर टिपून आणायला सांगा : लोखंडी जिन्याचं दार, लोकलचा रूळ बदलतानाचा खडखडाट, आईच्या शिलाई मशीनचं पायडल. आयफोन असेल तर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये लॉसलेस (दर्जा न घटवता साठवणारा पर्याय) निवडायचं. आणि व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवायचं नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. व्हॉइस नोट म्हणून आलेल्या आवाजात वरचं काहीच उरत नाही आणि तालात बसवल्यावर तो पुठ्ठ्यासारखा वाजतो.

मग मास्टरिंग. ‘बाकीच्या गाण्यांइतका मोठा आवाज हवा,’ म्हणून −७ लफ्सची (गाण्याच्या सरासरी मोठेपणाचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं गाणं मोठं) मागणी येते. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण −१४ ला आणतात, अॅपलचं साउंड चेक −१६ ला. म्हणजे −७ चं मास्टर सात डेसिबलने खाली घेतलं जातं आणि दाबून सपाट केल्याचा तोटा तेवढा शिल्लक राहतो : कुजबुज आणि ध्रुवपद एकाच उंचीवर. आमचं म्हणणं असं की अल्बममधली मोठी गाणी −११ च्या आसपास, हळू गाणी −१६ पर्यंत जाऊ द्या, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) −१ च्या वर नको. आख्खा अल्बम सलग लावला तर स्पॉटिफाय गाण्यांमधला आपापसातला चढउतार राखतं, प्रत्येक गाणं वेगळं करून सपाट करत नाही. तो चढउतार हाच या अल्बमचा जीव आहे, तो शेवटच्या दिवशी लिमिटरखाली (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाखाली) घालू नका.

स्ट्रीमिंगवर तीस सेकंदांनंतर ऐकणं मोजलं जातं म्हणून हुक (ऐकणाऱ्याला पकडणारा तुकडा) आधी हवा, हे तुमचं गणित आम्हाला मान्य आहे. फक्त हुक म्हणजे ध्रुवपदच, असं नाही. पहिल्या तीन सेकंदांत, वाद्यं सुरू व्हायच्या आधी, एक श्वास आणि अर्धी ओळ कानात पडली तर फोनवर अंगठा फिरवणारा माणूस थांबतो. बारा सेकंदांचं पॅड आणि रिव्हर्स झांज मात्र काढून टाका, त्यात आमची हरकत नाही.

वेळेचा हिशेब. १९९८ चा ‘रे ऑफ लाइट’ करताना मॅडोना निर्माता विल्यम ऑर्बिटबरोबर साडेचार महिने बसली होती, आणि तिला पैशांची वा माणसांची कमतरता नव्हती. तेवढं आम्ही मागत नाही. आठ गाण्यांना बारा ते चौदा आठवडे मागतो. पहिले चार आठवडे फक्त गायिका आणि एक संगीतकार, फोनवरचे डेमो, कुणीही तिसरा माणूस ऐकणार नाही. तुमची माणसं डेमो ऐकायला लागली की दुसऱ्या आठवड्यापासून गाणी सभ्य व्हायला लागतात. मग आवाजाला चार आठवडे, आठवड्यात तीन रात्रींहून जास्त नाही. हवाळ गाणं गळ्याला आराम देतं असं वाटतं, प्रत्यक्षात स्वरतंतू पुरते न मिटता हवा सुटत राहते, घसा कोरडा पडतो आणि दोन-अडीच तासांनंतर आवाज खरखरतो. पाणी अर्धा तास आधी प्यायलेलं असावं, ऐन टेकच्या आधी प्यायलेल्याचा उपयोग होत नाही. दुधाचा चहा नको. तोंडात चिकट टकटक येत असेल तर आंबट हिरव्या सफरचंदाची फोड चालते. उरलेले आठवडे जोडाजोड, मिक्स आणि मास्टरिंगचे, आणि मिक्सनंतर मध्ये चार दिवस कुणीही काहीही ऐकायचं नाही.

शब्दांबद्दल आम्ही बोलावं की नाही, असं तुम्हाला वाटेल. बोलतो, कारण त्याचा त्रास शेवटी आमच्याच टेबलावर येतो. ‘हे फार निगेटिव्ह आहे’, ‘इथे वडिलांऐवजी मित्र करा’, या सूचना मास्टरिंग झाल्यावर येतात. वकिलाचं वाचनही तेव्हाच होतं. खऱ्या, ओळखू येणाऱ्या माणसावरची ओळ असेल तर ती वकिलाने डेमोच्या वेळी वाचावी, आवाज रेकॉर्ड व्हायच्या आधी. आणि कायदाही बघून ठेवा. २०१२ च्या सुधारणेनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही. गायिकेने स्वतः लिहिलं असेल तर ती गीतकारही आहे, तिचं नाव आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) तसं गेलं पाहिजे. कलम ३८ब प्रमाणे तिच्या लौकिकाला धक्का लागेल अशी तिच्या गाण्याची मोडतोड झाली तर तिला आक्षेप घेता येतो. लांबी बसवण्यासाठी किंवा निव्वळ तांत्रिक कारणाने केलेली काटछाट मात्र त्यात धरत नाहीत, आणि रील्ससाठीचे तुकडे नेमके त्या फटीतून निसटतात. आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या गाण्यातली एकच ओळ उचलून त्यावर डान्स चॅलेंज लावण्याचे प्रकार होऊ नयेत असं वाटत असेल तर करारात सरळ एक कलम घाला : पंधरा आणि तीस सेकंदांचे तुकडे गायिका निवडेल, रिमिक्सला तिची लेखी संमती लागेल.

आणि फाइलींचं. तुमच्या दोन विभागांकडून आम्हाला दोन वेगळे फॉरमॅट मागितले जातात, तेही रिलीजच्या आदल्या रात्री. एकच ठरवा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. मास्टर, वाद्यांचा ट्रॅक, नुसता आवाज, आणि मिक्सिंगआधीचे स्टेम (आवाज-वाद्यांचे सुटे ट्रॅक), सगळे शून्यापासून सुरू होणारे, नावात गाणं, पट्टी आणि टेम्पो. यादी करारासोबतच पाठवा, आम्ही पहिल्या दिवसापासून तशाच ठेवू.

कळावे,
मुंबई-पुण्यातले काही रेकॉर्डिस्ट आणि मिक्सिंग-मास्टरिंग करणारे